अकरा साते

पुण्याच्या पोरीनं बसवून दिलेला हा कमोड.
हवेच्या दाबाचा आहे, म्हणाली,
पाणी निम्मं लागतं, बाबा.
टाकीचं झाकण उचललं तर आत पाणीच नाही.
आत आणखी एक डबा, काळा, बंद,
सुटीदिवशी मुद्दाम कुलूप लावल्यासारखा.

रात्री दीडला भांड्याच्या आतल्या कडेनं
एक ओली रेघ उतरते, केसाएवढी.
आणि दर वीस मिनिटांनी डबा आपसूक
थोडं पाणी ओढून घेतो. फुस्स.
परत गप्प.

अनगोळात आमच्या गल्लीला पाणी चौथ्या दिवशी.
केसाएवढी रेघ म्हणजे तीन दिवसांत किती बादल्या
हे मला पेन्सिलीशिवाय सांगता येतं,
सांगवत नाही.

इराप्पा प्लंबरला फोन केला.
"नाळे बरतेनि," म्हणाला.
त्याच्या नाळेला आज नववा दिवस.

चौतीस वर्षं मी उद्यमबागेत
व्हॉल्व्हचे स्पूल घासलेत.
दोन मायक्रॉन जास्त गेलं की माल भंगारात
आणि माझं नाव फळ्यावर.
कुठल्या कुठल्या क्रेनच्या पोटात
ते व्हॉल्व्ह अजून बसलेत म्हणे,
थेंब सांडत नाहीत.
हे मी कुणाला सांगूलोय? संडासाला.

शेवंता दारात उभी.
"काय करूलासा?"
"ऐकूलोय."
"एवढ्या रात्री? ह्याच्यात?"
बॅटरी मात्र तिनंच धरली.

डब्याच्या माथ्यावर, काडतुसाभोवती,
तांब्याभर पाणी ओतलं.
बुडबुडे आले असते तर वरची रिंग.
एकसुद्धा आला नाही.
म्हणजे खालची.

कॉक बंद. मग फ्लश दाबला,
आत कोंडलेला दम सोडायला.
दाबावरचं काही उघडायचं नाही, पोरा,
हे परशराम मिस्त्रींनी मला शिकवलं
पहिल्याच दिवशी, डावा हात वर करून.
त्या हाताला तीनच बोटं होती.

काडतुसाला चावी लागते, ती नव्हती.
पकडीच्या दोन मुठी खाचेत घातल्या,
डावीकडं, हळू, अजून थोडं,
"पोर्सलीन फुटंल हां," शेवंता म्हणाली,
आणि ते सुटलं.

खालच्या रिंगला चीर. चिरेत
लाल मातीचा एक कण.
धरणापासून आमच्या नळापर्यंत
कुठल्या कुठल्या पाइपातनं आला असंल,
आणि राहायला जागा बघितली ती ही.
मी तो कण कागदात बांधून ठेवला.
का, ते विचारू नका. तिनंही विचारलं नाही.

सकाळी व्हर्नियर खिशात घालून उद्यमबागेत.
दुकानाची पाटी कानडीत, पोरगा मोबाइलात,
रिंग बघितली, मापली नाही,
"छप्पन्न बाय तीन," म्हणाला.
मी मापली. छप्पन्न बाय तीन.
"एक सुटी मिळत नाही काका, डझन घ्या."
घेतली.

बोटभर ग्रीस. रिंग बसवली,
काडतूस हातानं जेवढं आवळतं तेवढंच आवळलं.
कॉक उघडला. डबा भरताना खाकरला,
मग थांबला, अर्धवट नाही, पुरता.
पेपरची एक पट्टी फाडून
भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवली
आणि बाहेर स्टुलावर बसून राहिलो,
ऑपरेशनला नेलेल्या माणसाचे लोक बसतात तसा.
अर्ध्या तासानं बघितली.
पट्टीवरच्या पंप-सेटच्या जाहिरातीचं
एक अक्षर फुगलं नव्हतं.

फ्लश दाबून दाखवला तिला.
दोन घरं पलीकडं कुत्रं भुंकलं.

अकरा रिंगा उरल्या.
कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवल्या.
एक सात वर्षं टिकते, पोरगा म्हणाला होता.
अकरा साते सत्त्याहत्तर.
मी अडुसष्ट.

हिशोब मोठ्यानं झाला बहुतेक.
शेवंतानं कणकेचे हात पुसले,
खिळ्यावरच्या दोन रिंगा काढून घेतल्या,
ताणून बघितल्या,
आणि संकेश्वरी मिरच्यांच्या पिशव्यांची तोंडं
एकेक करून बांधून टाकली.