उद्यमनगर, वरचा मजला

खालचं लेथ मशीन थांबलं की मगच तुलना जमते.
दस्तगीर डोळ्यांवर रुमाल बांधून बसतो,
मी एकच वायर कधी ह्यात, कधी त्यात.

जुना मॉडेलर दोन हजार सातचा.
एक नॉब पडलाय, तिथं बाटलीचं टोपण.
भरल्या आवाजात झकास,
पण सूर विझताना अगदी शेवटी
वाळू चाळल्यासारखा चुरा.

नवा हप्त्यावर घेतलाय.
म्हणतात, ह्यात सूर शेवटपर्यंत अखंड राहतो,
रात्री रंकाळ्यावर पाणी काठाला टेकतं तसा.

"हा नवा... न्हाई, जुना. थांब, नवा."
आठपैकी पाच वेळा चुकला.
बावीस हजार गेले म्हणायचे!

रुमाल सोडून तो माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिला.
"आवाज संपायच्या आधीच तार दाबतोस की रं तू."

सोळा वर्षं.
गणपतीत ट्रॉलीवर, जनरेटरच्या धुरात,
लग्नात, गॅदरिंगला,
चुरा कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून
तळवा आपोआप यायचा.
मला वाटायचं, ही माझी शैली.

"सोड," दस्तगीर म्हणाला.
मी एक तार छेडली
आणि हात मांडीखाली घेऊन बसलो.