गरम भाडं, थंड भाडं

देवबागात माझ्या चार खोल्या आहेत :
एक, दोन, तीन आणि पाच.
तीन नंबरमधून समुद्र दिसतो,
फक्त त्यासाठी बाथरूममधल्या स्टुलावर उभं राहावं लागतं.
हे मी फोनवर सांगत नाही.

त्यामुळे शमिकाने लॅपटॉप पुढे सरकवला
तेव्हा जर्मनीतल्या खोल्या मी
आमच्या धंद्याच्या नजरेनेच बघितल्या.
हा फोटो कोपऱ्याला पाठ लावून काढलाय, म्हटलं,
खोली दिसते त्याच्या निम्मी धर.
चादर नवी आहे, म्हणजे गादी जुनी.
इथे खिडकी दाखवलीय, खिडकीबाहेरचं दाखवलेलं नाही.
समोर भिंत असणार.

गावाचं नाव ट्युबिंगेन.
तिची आई तुबिंग्या म्हणते,
कर्ली खाडीपलीकडची एखादी वाडी असल्यासारखं.
पाचशेहून जास्त वर्षांचं विद्यापीठ,
आणि घरं लाकडी पट्ट्यापट्ट्यांची,
लग्नाच्या पंगतीत बसल्यागत एकमेकींना चिकटलेली.
तिथे भाडं दोन प्रकारचं, शमिका सांगते, थंड आणि गरम.
थंड म्हणजे नुसत्या भिंती.
गरम म्हणजे भिंतींसकट ऊब.
"आणि पंख्याचे किती घेतत?" तिची आई.
मीही एसीचे वेगळे घेतो,
म्हणून गप्प बसलो.

जुन्या गावातल्या एका खोलीसाठी चक्क मुलाखत झाली.
उतरत्या छपराखाली राहणारी चार पोरं,
स्क्रीनवर दाटीवाटीने बसलेली.
राग आला की तू काय करतेस, एकाने विचारलं.
भांडी घासते, ही म्हणाली.
हसली सगळी, खूप हसली.
तिसऱ्या दिवशी नकार आला.

मग नदीकाठची. फ्राउ हेगेले, वय सत्तरीपुढे, एकटी.
अट एकच : एक आठवडाआड जिना झाडायचा,
मळला नसला तरी.
ही बाई घरात पाऊल न टाकताच
शमिकाच्या आईची मैत्रीण झाली.
आणि खिडकीतून नेकार नदी,
नदीत लांबट, चपट्या तळाच्या होड्या,
मागच्या टोकाला उभं राहून पोरगा काठी रेटतोय.
मी फोटो मोठा केला.
आणखी मोठा केला, पार चौकोन चौकोन होईपर्यंत.
माझा आजा असाच उभा राहायचा,
डावा पाय जरासा मागे.

तिसरी जागा टेकडीवर. काँक्रीटचे मनोरे,
आठ जणांत एक स्वयंपाकघर, मागे जंगल,
विद्यापीठात जायला बस.
फोटोत लिफ्ट, पुसट फरशी, वाळत घातलेले मोजे.
काढणाऱ्याला काही विकायचं नव्हतं.

दोघी माझ्याकडे बघत होत्या.
नदी, असं मी म्हणणार होतो. ओठावर आलं होतं.
बाहेर उधाण होतं.
आमच्या एका कानाला खाडी, दुसऱ्या कानाला समुद्र,
मधली पट्टी दर वर्षी मी पावलांनी मोजतो
आणि आकडा घरात सांगत नाही.
चार नंबरची फरशी ओहोटीला अजून दिसते.
पाहुणे तिच्यावर उभे राहून फोटो काढतात.
किनारा कसा खचतो, हेच तर शिकायला चाललीय ही,
इतक्या लांब, समुद्र नसलेल्या गावात.

"वरची घे," मी म्हटलं.
"बाबा, तुमका होडी आवडली ना?"
"होडी बघूक खाली जावक येता. बस आसा मा?"

तिने फॉर्म भरला. गरम भाड्याचा.
आई म्हणाली, जिना तिथेही झाड गो, कोणी सांगितलं नाही तरी.

रात्री कोल्हापूरहून फोन आला.
दोन दिवस, नवराबायको, एक मूल.
खोलीतून समुद्र दिसतो का?
दिसतो, मी म्हटलं. तीन नंबरमधून.
बाथरूमात स्टुलावर चढलात तर.
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग त्याने विचारलं,
स्टूल मजबूत आहे ना?