जमीलाचं पाणी

तांबट आळीतून घेतलेला हा लोटा
माझ्या सासूचा. एका बाजूनं चेपलाय.
काझीगढीच्या उतारावरच्या कितीजणींच्या केसांवरून
याचं पाणी उतरलं, हिशेब ठेवत नाही.
मी बायकांना गुस्ल देते.
पुरुषांसाठी रमजूचाचा.

काल सातपूरहून वसीकला आणलं.
कंपनीच्या गेटसमोर टँकर.
लग्नाला नऊ दिवस,
मांडवाचे बांबू अजून गल्लीत भिंतीला टेकलेले.

नाझमीन माझ्यापाशी येऊन बसली,
मेंदी नखांत केशरी.
मी बोरीचा पाला उकळत होते.
काहीतरी बोलायला हवं म्हणून
हंजलाची गोष्ट काढली.

मदिन्याचा तरणा पोर.
उहुदच्या डोंगराखाली हा इकडं,
सख्खा बाप समोरच्या फौजेत.
आदल्या रात्रीच लग्न झालेलं.
लढाईची हाक आली
तेव्हा अंगावर पाणी घ्यायलाही थांबला नाही.
मक्क्याच्या सरदारापर्यंत पोचलाही होता म्हणतात,
हात वर गेला,
तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचा भाला.
शहिदाला न्हाऊ घालत नाहीत,
रक्तासकट मातीत ठेवतात.
पण त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.
रान कोरडं ठणठणीत, आणि केस ओले.
फरिश्त्यांनी न्हाऊ घातलं,
आभाळ आणि जमिनीच्या मधोमध,
चांदीच्या भांड्यांत पावसाचं पाणी घेऊन.

इथं बायका पदर डोळ्याला लावतात,
सुबहानल्लाह म्हणतात.
ही म्हणाली, "आणि ती?"
कोण ती?
"घरी राहिलेली."

जमीला. नाव ठाऊक होतं मला.
त्या रात्री तिला स्वप्न पडलं,
आभाळाला दार उघडलं, तो आत गेला, दार मिटलं.
मग तिनं चौघांना साक्षीला बोलावलं,
हा माझा नवरा झाला, ध्यानात ठेवा.
पुढचं मी कधी कुणाला विचारलं नाही.
फरिश्ते आधी तिच्या दारावरून गेले का,
त्याच्या नावानं भरून ठेवलेला रांजण असलाच
तर त्या पाण्याचं तिनं काय केलं.
पन्नास वेळा सांगितली असेल ही गोष्ट,
दरवेळी तिला दारातच सोडून
मी त्याच्या मागं डोंगराकडं गेले.

पाला तळाशी बसला. हिरवट वास.
नाझमीननं लोटा उचलला.
"मी घालू त्याला?"
बाहेर कुजबुज. रमजूचाचा म्हणाला, मर्दांचं काम आहे.
इमामसाहेब मुळात कमी बोलणारे.
"बायकोला इजाजत आहे," म्हणाले,
चपला घातल्या, गल्लीत जाऊन उभे राहिले.

मी पडद्याबाहेर. उजवी बाजू आधी, एवढं सांगितलं.
पाणी पडलं, थांबलं.
खूप वेळ थांबलं.
खाली आळीत तांब्यावर ठोके चालूच.
पुन्हा पडलं.

बाहेर आली ती कोपरापर्यंत ओली,
हाताला कापराचा वास.
ओढणीचं टोक पिळत म्हणाली,
कानामागं साबण राहतो त्याचा नेहमी.
आज नीट धुतलं.