एकोणीस गल्ल्या

पहाटे चारला मी गावाचे रस्ते मोकळे करतो.
कायानी, जानेवारी, उणे सव्वीस.
ट्रकपुढे पोलादी पातं, टपावर नारिंगी दिवा,
आणि बर्फ कुशीवर वळतो, कण्हत.

सातला घरी. अंधार तसाच.
न्हाणीघराच्या दारात तूरे, वय सहा,
ओठ आत ओढून घेतलेले,
शटर पाडलेल्या दुकानासारखा.

पुदिना त्याला भाजतो.
फेस म्हणजे न विचारता घरात शिरलेलं माणूस.
ब्रशचा एकेक केस त्याला वेगळा टोचतो
हे कळायला मला दोन वर्षं लागली,
आणि एक दाढ.

ती ओउलूला काढली, भूल देऊन.
परतीचे एकशे ऐंशी किलोमीटर तो बोलला नाही.
तसाही फारसा बोलत नाही,
पण ते न बोलणं निराळं होतं.

दातांची नर्स हेल्मी. तिनं आधी आम्हांला विचारलं,
खातो काय, आणि कधी?
मग निघालं: शब्द नीट उच्चारला की एक मनुका,
शाळेनं लावलेलं बक्षीस.
तो ती चावायचा नाही. गालात ठेवायचा, दुपारपर्यंत.
आम्ही खूश होतो, शब्द वाढताहेत म्हणून.

आता मनुकेऐवजी ट्रकचं स्टिकर.
पेस्ट बिनचवीची, वाटाण्याएवढी.
तीन आठवडे ब्रश नुसता हातात,
मग गालावर, बाहेरून,
मग ओठावर, आणि पुन्हा मागे, कारण सर्दी झाली.
हेल्मीच्या खुर्चीत तो चार वेळा नुसताच बसून आला.
तिनं तोंड उघड म्हटलंच नाही.

माझा रोजचा मार्ग तूरेला पाठ आहे.
एकदा मी सहज म्हणालो, लाकडी पूल,
आणि खालच्या डाव्या दाढेवरून ब्रश फिरवला.
तो थांबला.
"नंतर सॉमिल," तो म्हणाला.
स्वतःहून. मनुकेशिवाय.

तेव्हापासून आम्ही गाव साफ करतो.
सॉमिल, ग्रंथालय, कब्रस्तानाचा चढ,
जीभ म्हणजे नदी, तिकडे पातं न्यायचं नाही.
एखादी गल्ली चुकली तर सगळं पहिल्यापासून,
आणि माझे डोळे तर मिटत असतात.
कधी तो माझं मनगट चावतो.
कधी अर्ध्या गावातच शटर पडतं. पडू देतो.
उद्याही बर्फ पडणारच आहे.

काल एकोणीस झाल्यावर मी ब्रश धुवायला घेतला.
त्यानं बाही ओढली. तोंड उघडंच.
बोट उजवीकडे, मागे, रिकाम्या हिरडीवर.
"इथे कुणी राहत नाही," मी म्हणालो.
तूरे वाट पाहत राहिला.

मग मी तिथेही गेलो,
पातं उचलून, अगदी हळू,
जसा जातो बंद घरांच्या गल्लीतून,
जिथे वसंतात कुणी राहायला येणार असतं.