गोदाम झोपलंय

फिरदौस फोनवर म्हणाली, मॅडम, आधी ड्रायव्हर टाका.
तुर्भ्यात एकवीस वर्षं काढलीत मी.
ड्रायव्हर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो
रात्रभर लासलगावहून गाडी हाकत आलेला,
स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला माणूस.
हा ड्रायव्हर अडतीस एमबीचा.
उतरला, बसला, चहासुद्धा मागितला नाही.

मग होस्टचं नाव. लांबलचक, मधे टिंबं,
शेवटाकडे कुठेतरी मुंबई.
हा ढग नेमका असतो कुठे गं?
ती हसली. सांगत नाहीत. पण असेल महापेला,
नाहीतर ऐरोलीला, त्या बिनखिडक्यांच्या इमारतींत.
म्हणजे आमच्या कांद्याबटाट्याचा हिशेब
आभाळात नाही,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे,
रिक्षाचे शंभर रुपये होतील एवढ्यावर,
आणि भेटायला मला टोकन लागतं.

टोकन डकवलं.
त्याच्या शेपटीला एक स्पेस चिकटून आली होती,
त्या न दिसणाऱ्या जागेनं अर्धा तास खाल्ला.
पुढे फायरवॉल : तुमचा पत्ता यादीत नाही.
यादीत नाही.
हे वाक्य गाळ्याच्या दारात मीच किती जणांना ऐकवलंय,
चष्मा वर न करता.

लखमशीशेठ दोनदा डोकावून गेले.
लागला का?
त्यांच्या लेखी हा अजून ट्रंककॉलच आहे.

हिरवी खूण आली तेव्हा साडेतीन वाजले होते.
सवयीनं टॉप दहा लिहिलं.
इथे वर टॉप नसतो, खाली लिमिट असते म्हणे.
सुधारलं, चालवलं. उत्तर आलं :
हे टेबल अस्तित्वात नाही, किंवा तुम्हाला परवानगी नाही.
दोन्हींतलं खरं कोणतं?
फिरदौस म्हणाली, ते मुद्दामच सांगत नाहीत.
रोल बदला.

बदलला. नुसतं चाक फिरतंय.
आता काय झालं?
काही नाही, वेअरहाउस झोपलंय.
काम नसलं की निजवून ठेवतात, पैसे वाचतात.
तुम्ही हाक मारलीत ना, उठेल.

पार्टे मुकादम असाच दोन गाड्यांच्या मधे
रिकाम्या बारदानावर आडवा व्हायचा.
पार्टे, गाडी! म्हटलं की
डोळ्यांआधी हातातला आकडा जागा.
झोपेचे पैसे त्यालाही कधी कुणी दिले नाहीत.

अकरा सेकंद.
मग ओळी. खाली खाली खाली, ओळीच ओळी.

फिरदौस म्हणाली, एकूण आकडा जुळवून बघा.
हो म्हटलं, आणि तिला न सांगता
दुसरंच विचारलं :
ऑक्टोबर दोन हजार अकरा, टोळी क्रमांक सात.

एकच ओळ आली.
पावतीवर गोणी चारशे वीस. मोजणीत चारशे बारा.
पुढे शेरा, माझ्याच हातचा : हमालांची चूक.

चार दिवसांनी आठ गोणी शेजारच्या गाळ्यात सापडल्या.
कापलेले पैसे शेठनी परत केले,
पार्टेनं ते मोजले नाहीत, नुसते खिशात घातले.
शेरा बदलायचा राहिला.
तो जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर आला,
पार्टे निवृत्त होऊन जावळीला गेला,
शेरा तेवढा ढगात पोचला,
वेलांटीच्या चुकीसकट.

मी कर्सर नेऊन ठेवला त्या रकान्यावर.
टाइप होईना.
तुमचा रोल फक्त वाचायचा आहे, मॅडम.
एका ओळीपुरतं लिहायला मिळेल का?
एका ओळीसाठी कुणी देत नाही...
बरं, विनंती टाका. कारण लिहा.

फॉर्म उघडला. कारण, अक्षरं कमाल दोनशे.
जुनी नोंद चुकीची आहे, असं लिहिलं. खोडलं.
मी चुकले होते, असं लिहिलं,
आणि पुढे काय ते सुचेना.
खाली बाजारात कुणीतरी ताडपत्री ओढत होतं.
बराच वेळ मी काही विचारलं नाही
म्हणून गोदाम पुन्हा झोपी गेलं.