वयानुरूप

विडी घरकुलातल्या शाळेत
चौथी ब माझ्याकडे आहे.
पटावर त्रेचाळीस. पंखे दोन, त्यातला एक फिरतो.

लावण्या इराबत्ती, हजेरी क्रमांक एकोणीस,
भागाकार मी फळ्यावर मांडायच्या आत संपवते
आणि खिडकीबाहेर बघत राहते.
बाहेर काही नसतं. पाण्याचा टँकर, एक बांधलेली शेळी.
पण उरलेली तीस मिनिटं
तिला कुठेतरी ठेवावी लागतात.

घरी ती तेलुगूत मोजते, शाळेत मराठीत.
आई दिवसाला हजार विड्या वळते, पंचवीसचा एक कट्टा.
कारखान्यात छाट निघते, कधी साठ, कधी ऐंशी,
छाटलेली विडी परत मिळत नाही.
लावण्यानं सात महिन्यांची छाट
आईच्या पासबुकाच्या मागच्या पानावर मांडली,
पैशासकट.
ते पान घेऊन आई शाळेत आली:
"बरोबर हाय का ओ बाई?
का पोरगी उगं भांडण लावायलीय?"
मी दोनदा ताळा केला.
बरोबर होतं.

म्हणून मी अर्ज लिहिला.
विषय: सदर विद्यार्थिनीस इयत्ता सहावीत बसविणेबाबत.
महोदय, पाचवीचं गणित तिनं दिवाळीच्या सुट्टीत संपवलं,
सहावीचं, शेजारणीचं पुस्तक मागून, गड्ड्याच्या जत्रेआधी.

संगणकात जन्मतारीख टाकली
आणि चौकट लाल झाली.
वय व इयत्ता जुळत नाही.
कारकून म्हणाले, मॅडम, वर्ग वयानुरूप द्यायचा असतो.
साहेब भले होते, चहा मागवला.
म्हणाले, एकीला दिलं की उद्या चाळीस पालक दारात.
प्रत्येकाचं पोर हुशारच असतंय.

खरं आहे ते.
पण मागच्या बाकावर माझा मल्लिनाथ आहे,
हातचा एक त्याला तीन वर्षं सापडलेला नाही,
आणि तो पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत
अलगद येत गेला.
न येणाऱ्याला पुढे ढकलायला कुणाची सही लागत नाही.
येणारीला एक वर्ग ओलांडायचा
तर ती सही कुणाकडेच नाही.
हे मी साहेबांना म्हणाले नाही.
जिना उतरताना म्हणाले, कठड्याला.

विडीचं पान कापायला पत्र्याचा फर्मा असतो.
तेंदूचं पान केवढंही असो,
फर्म्याएवढं घ्यायचं.
कडेचं राहिलेलं लावण्या सुपात गोळा करते
आणि संध्याकाळी चुलीत घालते. छान पेटतं, म्हणते.

पुढचं नियमात बसत नाही, हळू सांगते.
मधल्या सुट्टीनंतर दोन तास
ती जिना चढून कुडक्याल सरांच्या सहावीत बसते.
माझ्या हजेरीपटावर ती हजर.
सरांच्या हजेरीपटावर ती नाहीच.
तपासणी आली की शिपाई घंटेला एक टोला जादा देतो,
ती धावत खाली येते
आणि भागाकार चुकवून दाखवायचा प्रयत्न करते.
तेवढं एक तिला जमत नाही.

सहावीच्या मुली तिला लंगडीत घेत नाहीत.
चौथीच्यांनी घेणं सोडलंय.
"बाई, हितं मी मोठी, तिथं बारकी.
माझा वर्ग कुठला ओ?"
मी खडू शोधायला लागले.
खडू हातातच होता.

परवा डस्टर मागायला वर गेले.
सहावीचा बाक उंच आहे, तिचे पाय टेकत नाहीत.
कुणीतरी, कोण ते सर सांगत नाहीत,
बांधकामावरची एक वीट
तिच्या बाकाखाली आणून ठेवलीय.
वीट एकाच पायाला पुरते.
दुसरा हलत असतो,
मागावरच्या धोट्यासारखा,
इकडून तिकडे,
तिकडून इकडे.