दोन बोटं हवा

रबाळ्याच्या कानूशेट वेल्डरनं अर्ध्या इंची पाइपातून
दहा हर्डल जोडून दिले,
तेव्हा गावंड सरांनी त्याला उंची सांगितली होती.
धक्का लागला की ते पडायला हवेत,
हे सांगायचं राहून गेलं.
त्यानं दोन्ही बाजूंना सारखे पाय लावले,
वर हमी दिली:
मास्तर, जन्मात हलणार नाहीत.

दिवागावामागचा सिडकोचा मोकळा प्लॉट.
पहाटे साडेपाच. बेलापूर रस्त्यावरून येणाऱ्या धुराला
पिकल्या केळ्यांचा वास.
साडेआठ मीटर, तीन पावलं, पाइप.
साडेआठ मीटर, तीन पावलं, पाइप.
गुडघ्याच्या आतल्या बाजूला हळद,
खपली धरायच्या आत पुन्हा तिथंच हळद.

तेराव्या वर्षी गुडघ्यानं जे पाठ केलं
ते डोक्याला पुसता आलं नाही:
वर दोन बोटं जागा ठेव.

पतियाळाच्या शिबिरात बेलारूसच्या एक बाई होत्या.
त्यांनी माझी धाव हळू करून पडद्यावर लावली,
मी हवेत असताना थांबवली,
मांडी आणि फळीच्या मध्ये दोन बोटं आडवी धरली.
हे काय?
हवा, मी म्हणाले.
हिचं भाडं कोण भरतं?

मग तीन महिने मी फक्त हर्डल पाडले.
त्यांचा हुकूमच होता. घासून जा, पाडून जा,
आवाज ऐक, पुढे पळ.
सरावात जमायचं.
पण शर्यतीच्या दिवशी बंदूक वाजली
की गुडघा मला न विचारता
ऐरोलीला परत जायचा.

ताश्कंद. लेन सात.
तिसरीत आणि माझ्यात तीन शतांश सेकंद.
पापणी मिटून उघडेपर्यंत
असं दहा वेळा चौथं येता येतं.

आईनं फोनवर विचारलं,
चवथी म्हंजे किती गो खाली?
काय सांगणार. घरी आल्यावर दाखवते म्हटलं,
आणि दारातच तिला बोटं दाखवली. दोन.
तिला वाटलं, दुसरी आले.
संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात पेढे.
मीही एक खाल्ला.

अकरा वर्षं. सात देश,
त्यातले आठवतात ते विमानतळ
आणि जेवणाच्या हॉलमधले फळांचे ढीग.
शेवटची शर्यत शेवटची आहे
हे तेव्हा कुणीच म्हणालं नाही.
प्राथमिक फेरीत सहावी आले, मांडीला बर्फ बांधला,
बसमध्ये झोपले.
पुढे कधीतरी वाशीच्या टपाल कचेरीत
पाकिटांवर शिक्के मारताना लक्षात आलं
की बुटांचे खिळे काढून ठेवून
वर्ष उलटलंय.

आता संध्याकाळी मी शिकवते.
त्याच प्लॉटच्या उरलेल्या तुकड्यावर,
बाकीच्यावर सोळा मजले उभे आहेत.
हर्डल नवे, हलके, बोट लागलं तरी आडवे होतात.
चिंचपाड्याची तेजू राठोड काल धावली,
दहातले सात पाडले,
धाडधाड, भांड्यांची मांडणी कोसळावी तशी,
आणि पलीकडे जाऊन हसत सुटली.

मॅडम, पडले की!

मी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.
तिला दाखवलं नाही.
पडू देत, म्हणाले,
इतक्या सहज की मीच दचकले,
आणि वाकून एकेक उभा करत
शेवटच्याकडून पहिल्याकडे आले.

कानूशेटच्या दहापैकी एक अजून आहे,
पाण्याच्या टाकीजवळ.
मुली त्यावर घामाचे टॉवेल वाळत घालतात,
कुणी पाय टेकवून लेस बांधते.
परवा मी जाता जाता गुडघ्यानं ढकलून पाहिला.
हमी पाळतोय बिचारा.